दमलूची धाप

लिफ्ट बंद होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जो काही घोळ झाला त्याचं मूळ तिच्यात आहे. मरोळच्या त्या चार मजली बिल्डिंगची लिफ्ट अकरा महिने तळमजल्यावर आ वासून उभी होती, आणि तिच्या दारावर सेक्रेटरी भाऊरावांच्या सहीचा कागद होता: 'लिफ्ट तात्पुरती बंद आहे.' कागद दोनदा पिवळा पडला, दोनदा बदलला. 'तात्पुरती' तेवढं कायम राहिलं. भानगड अशी की तपासणीचं सर्टिफिकेट मिळेपर्यंत लिफ्ट चालू करायची नाही असा नियम होता, आणि लिफ्ट चालू असलेली बघितल्याशिवाय तपासणारे साहेब सर्टिफिकेट द्यायला तयार नव्हते. आता यात चूक कुणाची? कुणाचीच नाही. सगळे नियमाने वागत होते आणि बॅप्टिस्ट अंकल जिना चढत होते.

बॅप्टिस्ट अंकल म्हणजे चौथ्या मजल्यावरचे, चारशे चार नंबरमधले. वय अडुसष्ट. मरोळच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लेथ मशीनवर अडतीस वर्षं काढलेली. बायको डेल्फिन तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगा नोएल बायको ॲमांडासोबत वसईला. कॅनडाला असता तर 'पोरगा कॅनडाला असतो' म्हणून चारचौघांत सांगता तरी आलं असतं. वसईला असून पाच-पाच महिने फिरकत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हणून कुणी विचारलं तर अंकल म्हणायचे, "तो जरा बाहेर असतो." वसई मरोळच्या बाहेरच आहे. खोटं काही नाही त्यात.

रोज अकराला अंकल खाली उतरायचे. चर्चमध्ये एक मेणबत्ती, मग बेकरीतून चार पाव. दोन पुरतात, पण चार मागायची सवय तोंडाला बसलेली. बाराच्या सुमारास परत जिना. पहिला मजला एका दमात. दुसऱ्यावर थांबायचं, कठडा धरायचा, पिशवी या हातातून त्या हातात. तिसऱ्यावर जरा जास्त थांबायचं. डेल्फिन होती तेव्हाही लिफ्ट महिन्यातले आठ दिवस रुसलेलीच असायची. ती वरून दारातून ओरडायची, "बॅप्टी, दमलास काय रे?" आणि हे खालून ओरडायचे, "थांबलो नाय, श्वास घेतोय!" आता ओरडायला कुणी नव्हतं, त्यामुळे अंकल नुसतीच धाप टाकायचे. चारी मजल्यांची दारं बंद असायची. या बिल्डिंगमध्ये आपण राहतो हे पोस्टमनशिवाय कुणाला माहीत नसावं, असं त्यांना वाटायचं, आणि पोस्टमनही हल्ली पत्रं खालीच टाकून जात होता.

तर एक दिवस कुरिअरवाल्याने भलतंच पाकीट त्यांच्या दारात टाकलं. वर पत्ता होता 'गाळा नंबर ४०४', पण पलीकडच्या गल्लीतल्या इस्टेटचा. दुसरा कुणी असता तर फोन करून म्हणाला असता, या आणि घेऊन जा. अंकलनी शर्टाला इस्त्री केली. केस विंचरले. कुठेतरी जायचं आहे म्हटल्यावर माणसाने नीट जायला नको?

तो गाळाही चौथ्या मजल्यावर, आणि तिथली लिफ्ट फक्त मालासाठी. लिफ्टमनने अंकलना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि ते माल नाहीत असा निर्णय दिला. अंकल चढले. चारशे चारच्या दारात पोहोचले तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. एका हातात पाकीट, दुसरा हात चौकटीवर, आणि नुसतं हाऽऽ हूऽऽ, हाऽऽ हूऽऽ.

आतून एक बाई किंचाळली, "कोण आहे? कोण धापा टाकतंय?"

अंकलनी पाकीट पुढे केलं. गळ्यात हेडफोन अडकवलेली एक तिशीची मुलगी धावत आली. पाकिटाकडे तिने बघितलंसुद्धा नाही. "थांबा! नको, नको, थांबू नका! असेच चालू ठेवा. यार, हाच! हाच पाहिजे होता मला!" असं म्हणत तिने अंकलना दंडाला धरून आतल्या काळ्या खोलीत नेलं, माइकसमोर उभं केलं आणि दार लावून घेतलं. अंकलना वाटलं, पाकीट उशिरा आणलं म्हणून ही शिक्षा.

ती मुलगी म्हणजे मीरा, डबिंगची डायरेक्टर. परदेशातला एक कार्टूनचा सिनेमा ती मराठीत करत होती. नाव ठेवलं होतं 'दमलू'. गोष्ट एका म्हाताऱ्या गाढवाची. डोंगरावरच्या देवळापर्यंत घोड्यांची शर्यत असते, तिच्यात हे गाढव चुकून उभं राहतं आणि मग माघार घेत नाही. सिनेमात घोडे बोलतात, बकऱ्या बोलतात, एक बेडूक तर गप्पच बसत नाही. गाढव मात्र बोलत नाही. लहानपणी कसल्यातरी धसक्याने त्याची वाचा गेलेली. दीड तास ते फक्त धापा टाकतं. मीराने चार तरणीबांड पोरं आणून बघितली होती. त्यांची धाप ऐकून वाटायचं जिममधून आलीत. चौथ्याला तर खोटं खोटं धापून चक्करच आली.

"अंकल, तुमच्या धापेत आयुष्य आहे," मीरा म्हणाली. अंकलना तीन वर्षांत मिळालेली ही पहिली शाबासकी. ती कशाबद्दल आहे याकडे त्यांनी दुर्लक्ष केलं.

एक कागद पुढे आला. सिनेमा लागेपर्यंत या कामाबद्दल कुणाशीही बोलणार नाही, असं लिहिलेलं. अंकलनी मनात म्हटलं, बोलायला आहे कोण? आणि झोकात सही ठोकली.

काम चार दिवस चाललं. पडद्यावर गाढवाच्या नाकपुड्या हलल्या की मीरा काचेपलीकडून हात वर करायची आणि अंकलनी धाप टाकायची. धाप कमी पडली की दोन मजले खाली जाऊन परत वर यायचं. पहिल्या दिवशी वॉचमनने हळूच विचारलं, "काका, काय गुन्हा केला?" तिसऱ्या दिवशी वेगळीच आफत आली. इतक्या चढउतारीने अंकलचा दम वाढला. धाप लागेचना. मीराने कपाळावर हात मारला, "वाट लागली माझी! अंकल, तुम्ही फिट व्हायला लागलात." मग शूटिंगला नटनट्यांना फळांचा रस देतात तसे अंकलना रेकॉर्डिंगआधी दोन वडापाव देण्यात आले, आणि कला वाचली.

त्यांना चक्रावून टाकलं ते निराळ्याच गोष्टीने. सिनेमात चंद्रा नावाची एक घोडी होती. शर्यत चालू असताना ती वळणावर थांबते आणि गाढवाला विचारते, "दमलास काय रे?" हेडफोनमधून तो आवाज थेट अंकलच्या कानात पडला. अगदी कानाशी कुणी बोलावं तसा. अंकल धाप विसरले. नुसते उभे राहिले.

"कट!" मीरा म्हणाली. "अंकल, काय झालं?"

"त्या बाई कुठं बसल्यात?"

"कोण, चंद्रा? त्या रश्मीताई. त्या गुरुवारी येऊन गेल्या."

"आणि तो काळा घोडा?"

"तो सोमवारी येणार."

"मग हे सगळे एकमेकांशी बोलतायत ते?"

"कुणीच कुणाशी बोलत नाही अंकल," मीरा हसली. "एकेक जण एकटा येतो, आपापलं बोलून जातो. नंतर आम्ही जोडतो."

अंकलना वाटत होतं, असं फक्त आपल्या बिल्डिंगमध्ये चालतं. आपल्याला कुणी जोडत मात्र नाही, हा फरक. त्यांनी मीराला सांगून तो तुकडा पुन्हा लावून घेतला. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा मीरा म्हणाली, धाप ओके आहे अंकल, आता कशाला? त्यावर ते म्हणाले, मला अजून नीट वाटत नाही. अडतीस वर्षं लेथवर काम केलेला माणूस, फिनिशिंगच्या बाबतीत कच्चं ठेवत नाही, अशी मीराची समजूत झाली. तसं काही नव्हतं. त्यांना फक्त तो प्रश्न पुन्हा ऐकायचा होता.

आता इथपर्यंत सगळं झकास होतं. घोळ झाला तो तिसऱ्या मजल्यावर.

शेवटच्या दिवशी इस्त्रीच्या शर्टात अंकल जिना चढत होते आणि मालनताई दारात बसून वाल सोलत होत्या. मालनताई मूळच्या मालवणकडच्या. आयुष्य मरोळात गेलं, पण बोली सुटली नाही.

"काय ओ बॅप्टिस्ट? रोज रोज शर्टाक इस्त्री? खंय लगीन जमवतास की काय?"

तीन वर्षांत जिन्यात त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. कागदावरची सही अंकलना आठवली. पण प्रश्न विचारणारी बाई समोर बसलेली असताना कागद किती वेळ आठवणार?

"सिनेमात काम करतोय," अंकल म्हणाले. "हिरोचा आवाज माझा आहे. कुणाला सांगू नका."

"माजा काय जाता सांगूक?" मालनताई म्हणाल्या, आणि संध्याकाळी सातला सोसायटीच्या ग्रुपवर हातात हार घेतलेल्या बाहुल्या नाचायला लागल्या.

इथे एक गोष्ट अंकलच्या बाजूने नोंदवून ठेवली पाहिजे. 'हिरोचा आवाज माझा आहे' या वाक्यात एक अक्षर खोटं नव्हतं. हिरो बोलत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही, पण कुणी विचारलं होतं का?

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दुसऱ्या मजल्यावरची नीलम, हातात ज्येष्ठमधाची पुडी, मागे सात वर्षांची रुचिरा. "अंकल, घसा सांभाळा हं. आता तो तुमचा एकट्याचा नाही." मग मालनताई मिऱ्यांचा काढा घेऊन आल्या आणि समोर उभं राहून प्यायला लावला. तो इतका जहाल होता की अंकलचा आवाज चार दिवस बसला. नेमका तेव्हाच मीराचा फोन, एक छोटा तुकडा परत करायचाय. अंकल कसेबसे खरखरले, "आवाज बसलाय गं." ती म्हणाली, "बसू दे ना, आवाज कुणाला पाहिजे? धाप आहे ना?" हे ऐकून अंकलना जे वाटलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. भाऊरावांनी सल्ला दिला की जिना चढताना तोंड मिटून ठेवावं, घशाला कोरड पडत नाही. अंकलनी एकदा तसं करून बघितलं. पहिल्या मजल्यावर कान गरम झाले, दुसऱ्यावर डोळ्यांपुढे काजवे, तिसऱ्यावर मालनताईंनी दार उघडून बघितलं. का बघितलं, हे अंकलना तेव्हा कळलं नाही.

पण बेल वाजत होती. कधी सकाळी, कधी दुपारी. तीन वर्षांत वाजली नसेल तेवढी तीन आठवड्यांत वाजली. अंकल आता चार पाव आणायचे आणि चारही संपायचे, कारण चहाला कुणी ना कुणी असायचं. डेल्फिनने केलेल्या बॉटल मसाल्याची शेवटची बाटली ते चिमूट चिमूट वापरत होते, त्यातला चांगला मोठा चमचा एका दिवशी नीलमच्या घरी गेला.

मग गल्लीच्या तोंडाशी पोस्टर लागलं. भाऊराव ते बघून वर आले. पालिकेत तीस वर्षं काढलेला माणूस, बातमीसुद्धा टिपणी वाचावी तशी द्यायचे.

"बॅप्टिस्ट, हिरो गाढव आहे."

"हो."

"पण हिरो आहे."

"आहे ना."

"मग हरकत नाही. सोसायटीतर्फे सत्कार करायचाय. शाल, श्रीफळ. त्यासाठी तुमचा अर्ज लागेल."

"माझ्या सत्काराला माझाच अर्ज?"

"मग काय माझा? सोबत कंपनीचं ना हरकत पत्र जोडा. आणि हो, एक डायलॉग द्या. बॅनरवर टाकायचाय."

खरं सांगायची हीच वेळ होती. भाऊराव, गाढव बोलत नाही हो, ते नुसतं धापा टाकतं, एवढंच म्हणायचं. पण भाऊरावांच्या मागे जिन्यात नीलम उभी, रुचिरा उभी, मालनताई उभ्या. सगळे त्यांच्याकडे बघत होते. खरं सांगितलं की हे सगळे हसणार, हसून खाली जाणार, आणि दारं पुन्हा बंद होणार. मग बेल वाजायची नाही.

"थांबलो नाय, श्वास घेतोय!" अंकल म्हणाले. तोंडातून आपोआप निघून गेलं.

"व्वा!" भाऊराव म्हणाले. नीलमने टाळ्या वाजवल्या. रुचिरा तीच ओळ ओरडत जिना उतरली, आणि दुसऱ्या दिवसापासून आवारातली पोरं पकडापकडीत आऊट झाली की तेच ओरडायला लागली. अंकल चौथ्या मजल्यावरून ते ऐकायचे आणि खिडकी लावून घ्यायचे. डेल्फिनसाठीची ओळ होती ती. बॅनरवर पिवळ्या अक्षरांत लटकली होती.

अंकल मीराकडे धावले. चार मजले. श्वास जागेवर आल्यावर म्हणाले, "बेटा, गाढवाला एक वाक्य दे. एकच. पाहिजे तर फुकट बोलतो."

"अंकल, त्याचं तोंडच उघडत नाही हो."

"पाठमोरं असताना बोलू दे."

मीराला दया आली. तिने परदेशात कळवलं. तिकडून विचारणा आली, कारण काय? मीराने लिहिलं, कलाकाराची कौटुंबिक अडचण. आठ दिवसांनी उत्तर आलं की अडचणीबद्दल सहानुभूती आहे, परंतु गाढवाने न बोलणं हाच चित्रपटाचा विषय असल्यामुळे त्याला बोलता येणार नाही. ना हरकत पत्राबद्दल विचारलं, तर त्यांनी उलट विचारलं की गुप्ततेच्या कागदावर सही असताना सोसायटीला कळलं कसं? अंकल गुपचूप घरी आले.

सिनेमा लागला. मराठीचा एकच खेळ होता, अंधेरीच्या थिएटरात, शनिवारी सकाळी साडेनऊला. भाऊरावांनी यादी केली. शुक्रवारपर्यंत यादीतली निम्मी माणसं गळाली. कुणाचं ऑफिस, कुणाची मुंज. एकेक नाव कटलं की अंकलना आधी हायसं वाटायचं आणि लगेच वाईट वाटायचं. नोएलला त्यांनी फोन केला.

"पप्पा, शनिवारी? शनिवारी ॲमांडाच्या मम्मीकडे जायचंय रे. तुझा रोल मोठा आहे काय?"

"तसा मोठा आहे. पण बोलायचं कमी आहे."

"मग मोबाईलवर आला की बघतो ना. पक्का."

"बघ," अंकल म्हणाले. पोरावर रागवायचं त्यांनी ठरवलं होतं, पण फोन ठेवल्यावर राग आलाच नाही. नुसतं रिकामं वाटलं.

शनिवारी चार रिक्षा निघाल्या. थिएटरात अंकलना मधे बसवत होते, पण ते हट्टाने दाराजवळच्या खुर्चीवर बसले. प्रसंग आला तर पळता यावं म्हणून. डाव्या हाताला मालनताई, पुढच्या रांगेत नीलम, रुचिरा आणि भाऊराव. भाऊरावांच्या मांडीवर शाल आणि नारळ. नारळ दारावर अडवला होता, खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत म्हणून. भाऊरावांनी तो खाद्यपदार्थ नसून सन्मानचिन्ह आहे हे वीस मिनिटं उभं राहून सिद्ध केलं होतं.

दिवे गेले. पडद्यावर गाढव आलं, आणि आपली दोन रांगा माणसं टाळ्यांनी थिएटर डोक्यावर घेऊन मोकळी झाली. मग घोडे बोलले. बकऱ्या बोलल्या. बेडूक बोलला, गायला. गाढव: हाऽऽ हूऽऽ.

"आता बोलात," मालनताई म्हणाल्या.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. गाढव चिखलात पडलं, नुसतं कण्हलं. कुणीतरी म्हणालं, "अजून घसा बसलेला दिसतोय." अंकल खुर्चीत घसरत घसरत इतके खाली गेले की मागून कुणाला ती खुर्ची रिकामी वाटावी. मध्यंतरात ते बाथरूममध्ये जाऊन बसले. भाऊराव बाहेरून म्हणाले, "सेकंड हाफमध्ये असेल ना तुमचं बोलणं? मोठ्या नटांचं तसंच असतं." देवबापा, वीज घालव, अंकलनी प्रार्थना केली. वीज गेली नाही. नुसतंच निघून जावं असं त्यांना वाटलं. पण जायचं कुठं? घरी? ते परत येऊन बसले.

शेवटची चढण आली. डोंगराला पायऱ्या. घोडे केव्हाच पुढे गेलेले. संगीत थांबलं आणि त्या भल्यामोठ्या अंधारात फक्त अंकलची धाप उरली. चारही भिंतींतून येत होती. हाऽऽ हूऽऽ. एक वळण. हाऽऽ हूऽऽ. अंकलनी डोळे मिटले. आता हे हसणार. आता सगळं संपलं.

"मम्मी," रुचिराचा आवाज आला, चांगला खणखणीत. "हे तर आपल्या जिन्यातले अंकल!"

कुणी हसलं नाही.

"अगं हो," नीलम म्हणाली.

"गप," मालनताई पुटपुटल्या. त्यांची नजर पडद्यावर खिळलेली. "आता हय थांबतलो."

गाढव थांबलं.

"आता कठडो धरतलो. पिशवी ह्या हातातसून त्या हातात." गाढवाला हातही नव्हते आणि पिशवीही नव्हती, पण धापेत जो किंचित खंड पडला तो बरोबर तेवढाच होता. "आता एक मोठो श्वास घेतलो, मगे चलतलो. माका म्हायत आसा. तिसरो मजलो तो."

अंकलनी डोळे उघडले. नीलम पुढच्या रांगेतून पूर्ण मागे वळून बसली होती. पडद्याच्या उजेडात तिचे गाल ओले दिसत होते. "अंकल, रोज बाराला मी फोडणी देत असते. तुम्ही आमच्या मजल्यावर थांबलात की मी गॅस बारीक करते. परत चालायला लागलात की मोठा करते. एक दिवस तुम्ही तोंड मिटून चढलात, मी घाबरून दाराला कान लावून उभी होते. तुम्हाला वाटलं काय, आम्हाला ऐकू येत नाही?"

पडद्यावर वरच्या वळणावरून चंद्रा घोडीने मान खाली वळवली आणि विचारलं, "दमलास काय रे?"

गाढवाने एक श्वास घेतला. त्या जागी मराठीत, इंग्रजीत, जगातल्या कुठल्याही भाषेत काही बोललं जात नव्हतं. पण रुचिरा खुर्चीवर उभी राहिली आणि ओरडली, "थांबलो नाय, श्वास घेतोय!" मग नीलम ओरडली, मग भाऊराव नारळ उंचावून ओरडले, मग दोन्ही रांगा, आणि शेवटी पलीकडे बसलेलं एक अनोळखी कुटुंबही. गाढव चालायला लागलं. वेळ इतकी बरोबर जमली की मीरा असती तर ओके म्हणाली असती.

अंकल रडले. चांगले हुंदके देऊन रडले, आणि मालनताईंनी त्यांना आपल्या पदराचं टोक दिलं.

गाढव जिंकलं का, ते अंकलना नीट दिसलं नाही.

आता सिनेमा असता तर इथे संपला असता. पण ही सोसायटी होती, आणि सोसायटीला पाझर फुटला की ठराव होतो. भाऊरावांच्या मनाला ती धाप फार लागली होती. अकरा महिने आपण दाराआडून ऐकत होतो आणि कागद बदलत होतो, याची त्यांना लाज वाटली. सोमवारपासून ते रोज सकाळी डबा घेऊन लिफ्ट तपासणाऱ्या साहेबांच्या ऑफिसात जाऊन बसायला लागले. नुसते बसायचे. बाराव्या दिवशी साहेबांना त्यांचा चेहरा बघवेना. ते आले, लिफ्ट बघितली, सही केली.

उद्घाटन अर्थातच अंकलच्या हस्ते. तोच नारळ फोडला, तीच शाल घातली. भाऊरावांनी 'तात्पुरती बंद'चा कागद समारंभपूर्वक फाडला. सगळे म्हणाले, "अंकल, आता आयुष्यात जिना चढायचा नाही. प्रॉमिस?" अंकल म्हणाले, "प्रॉमिस." त्यांना एकट्यालाच आत उभं करून दार लावलं, म्हणजे फोटो नीट येतो.

लिफ्ट निघाली. पहिला मजला गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. आत नवा आरसा होता, त्यात शाल पांघरलेला एक म्हातारा. पंचवीस सेकंदांत चौथा मजला आला. श्वास अगदी शांत होता. अंकलनी कुलूप उघडलं, आत गेले, शाल खुर्चीवर ठेवली आणि बसून राहिले.

त्यानंतरचे आठ दिवस ते लिफ्टनेच गेले आले. माणसं प्रेमाने वागत होती, भेटली की हसत होती, पण भेटणार कुठे? चार पाव घ्यायचे, बटण दाबायचं, घरी. पुन्हा दोन पाव उरायला लागले.

नवव्या दिवशी बाराच्या सुमारास अंकल बेकरीतून आले तेव्हा लिफ्ट दार उघडून तळमजल्यावर उभी होती. ते आत डोकावले. आवारात कुणी नव्हतं. त्यांनी आत हात घालून चार नंबरचं बटण दाबलं, दार बंद होऊ दिलं, आणि लिफ्ट रिकामीच वर पाठवून दिली.

मग जिन्याला लागले. पहिला मजला एका दमात. दुसऱ्यावर आले, कठडा धरला, पिशवी या हातातून त्या हातात घेतली. हाऽऽ हूऽऽ. आत नीलमच्या स्वयंपाकघरात मोहरी तडतडत होती.

तडतड बारीक झाली.

अंकल उभे राहिले. चालायला लागण्याइतका श्वास आला होता, तरी उभे राहिले. आतून पावलं दारापर्यंत आली. दार उघडलं नाही. नीलमने दाराआडूनच विचारलं, "अंकल? लिफ्ट बंद पडली का?"

"नाही गं. चालू आहे."

मग कडी काढल्याचा आवाज आला, आणि हातात उलथनं घेतलेली नीलम दारात उभी राहिली. तिने त्यांच्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, कठड्यावरच्या हाताकडे बघितलं.

"दमलात काय हो?" तिने विचारलं.

"दमलो गं," अंकल म्हणाले. "लय दमलो."

"मग या की आत. फोडणी जळेल माझी," नीलम म्हणाली, आणि दार उघडं टाकून आत वळली.